मशीन मूळपदावर आणताना

४ फेब्रुवारी

आज हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

जेवता जेवता आत्या म्हणाली, "महिनाअखेर मी जाते."

कुठे, तर गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं एक घर आहे, तिथे. फोन करून खोलीसुद्धा ठरवून बसलीय. मी म्हटलं, "इथे तुला काय कमी आहे?" तर म्हणते, "कमी काही नाही रे. मला बसून खायची सवय नाही, एवढंच. मशीन चालत होतं तोवर ठीक होतं. आता ते अडगळ आणि मी त्याच्याशेजारची अडगळ."

हे काय बोलणं झालं? आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि वडील कामासाठी कायम परगावी. माझं जेवणखाण, फी, चपला, सगळं आत्याच्या त्या मशीनमधून आलं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. दिवसभर त्याची खडखड चालायची. आता मी तिला दोन घास घालतो, तर ते तिला टोचतात!

मला आला राग. रागात माणूस बोलू नये ते बोलतो. मी म्हणालो, "मशीन मी दुरुस्त करतो. कंपनीतून निघालं तेव्हा जसं होतं, अगदी तसं करून देतो. मग बघतो कशी जातेस ते!"

आत्याने ताक ओतून घेतलं. आमच्या हिने मात्र माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी ती मी दिवा बदलायला स्टुलावर चढलो की टाकते.

५ फेब्रुवारी

दोन मिस्त्री पूर्वीच येऊन 'मोडीत काढा' सांगून गेले आहेत. ते अडाणी असतील, मी नाही. आयुष्यभर कारखान्यात तपासनीस होतो. भोक केसभर सरकलेलं असलं तरी अख्खा माल परत पाठवायचो. लोक मला मागून 'केसभर' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

तर सकाळी आत्याच्या खोलीतून मशीन ओढून व्हरांड्यात आणलं. कंबर धरली. चाक जागचं हलत नाही. सुई अर्ध्यावर रुतून बसलीय. सोनेरी फुलं होती म्हणे; त्यातली डाव्या अंगाची पार झिजलेली. नावाची पट्टी गायब, तिथे नुसती दोन भोकं.

पहिला प्रश्न म्हणजे हे मशीन कोणत्या कंपनीचं. नाव कळल्याशिवाय मूळचं रूप कळणार कसं? आत्याला विचारलं. म्हणाली, "काळं होतं."

"कंपनी विचारतोय मी."

"जुनंच घेतलं होतं मी. शिवायचं होतं मला त्याच्यावर, त्याच्या कंपनीला पत्र पाठवायचं नव्हतं."

पालथ्या घड्यावर पाणी.

८ फेब्रुवारी

फोनवर जुन्या शिलाई मशीनच्या शौकिनांचा एक गट सापडला. त्यात एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनातल्या मनात 'सर्वज्ञ' म्हणतो. ते मशीन न बघता मशीनचं गोत्र सांगतात. मात्र त्याआधी फोटो मागतात. क्रमांकाचा फोटो. दोरा ताणणाऱ्या चकत्यांचा फोटो. खालचा दोरा वाहणाऱ्या शटलचा फोटो. ती गोल आहे की होडीसारखी लांब? लांब आहे. मग ती आडवी पळते की झोके घेते? अहो, मशीनच बंद आहे, ती झोके कशी घेणार!

क्रमांक मळाखाली दडला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने दुपार घालवली तेव्हा दिसला. शेवटचे दोन आकडे तरीही नाहीत.

रात्री सर्वज्ञांचा निकाल आला. वरचं डोकं एका कंपनीचं, दुर्मिळ आहे. चाक दुसऱ्याच कंपनीचं. खालचा लोखंडी सांगाडा तिसऱ्याचा. "आपलं यंत्र संकरित आहे," असं लिहिलंय त्यांनी. तरी डोक्याच्या मॉडेलप्रमाणे त्याला मूळपदावर आणता येईल. अट एकच, जे जे कंपनीचं नाही ते ते काढून टाकायचं.

हे मला पटलं. मूळ ते मूळ.

१० फेब्रुवारी

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आज हिचा भाऊ आला. मी रॉकेलची बाटली, चिंध्या, पाने मांडून बसलो होतो. शालक महाराज खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हुंगून म्हणाले, "अजून वास येतोय बघा."

"कसला वास?"

"केसांच्या तेलाचा. मागे आलो होतो तेव्हा कुरकुरत होतं, तर मीच घातलं होतं की. निम्मी बाटली. आत्याबाई बाहेर गेल्या होत्या."

म्हणजे हा तो महापुरुष! ते तेल आत वाळून सरस झालंय, म्हणून चाक हलत नाही. आणि हे सांगताना चेहरा असा, की मी आता त्याचे आभार मानावेत. ही चहा घेऊन दारात उभी होती, म्हणून वाचला. चहा मात्र मी त्याच्याआधी उचलला.

१३ फेब्रुवारी

चाक फिरलं!

रॉकेल, मग हिच्या केस वाळवायच्या यंत्राने ऊब, पुन्हा रॉकेल, असं चालू होतं. हिने ते यंत्र नवीन आणायला सांगितलंय. जुन्याला आता रॉकेलचा वास येतो, हे खरं आहे. पण आज संध्याकाळी 'टक्' असा आवाज झाला आणि सुई एकदम खाली गेली.

वळून बघतो तो आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी. उजवा पाय ओढत ओढत कधी आली कळलंही नाही. तिला लहानपणी ताप आला होता तेव्हापासून तो पाय तसाच आहे. मला वाटलं, आता शाबास म्हणेल. "हात धुऊन घे, जेवायचंय," म्हणाली आणि गेली.

माणसाने कशासाठी मरमर करावी?

१५ फेब्रुवारी

परक्या वस्तू काढायचा दिवस. काय एकेक भानगडी निघाल्या! या मशीनवर पूर्वी कोण बसत होतं देव जाणे.

चाकाच्या कडेला चिंधी गुंडाळून वर दोऱ्याचे वेढेच वेढे. तेलाने काळी झालेली. कापून काढली. सुईजवळच्या पाटावर जखमेला लावायची चिकटपट्टी, एकावर एक अशी चिकटवून पार उंचवटा झालेला. नखांनी, मग सुरीने, मग रॉकेलने काढली. दोरा अडकवायची कडी तुटलेली, तिच्या जागी चक्क केसांचा आकडा वाकवून बसवलेला. आणि कहर म्हणजे, पायाखालच्या लोखंडी फळीवर डाव्या बाजूला लाकडाची पाचर, तिच्यावर चपलेचं चामडं ठोकलेलं. कोणा अर्धवट सुताराचं काम. त्या पाचरीने फळी एका अंगाला कललेली दिसायची.

सगळं काढलं. फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मध्यावर! बरं वाटलं. या घरात इतकी सरळ दुसरी एकही वस्तू नसेल.

ही भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "आत्यांना विचारलंत का?"

"घाण काढायला परवानगी लागते?"

"नाही, म्हटलं त्यांना एकदा बसवून तरी बघा."

"अर्धवट काम कुणाला दाखवायचं नसतं. बुडबुडा बघ, बुडबुडा!"

तिने बुडबुडा बघितला नाही. कचऱ्याचा कागद माझ्यासमोरून उचलला, "हे मी बघते," म्हणाली आणि आत घेऊन गेली. तिला कधी कशाचं कौतुक म्हणून नाही.

१८ फेब्रुवारी

सर्वज्ञांनी सोनेरी नक्षीचे कागद कुठे मिळतात ते सांगितलं होतं. ते आले. पाण्यात भिजवून फूल सरकवायचं, मग चिमट्याने बसवायचं. पहिलं फूल माझ्या अंगठ्यावर बसलं, ते अजून तिथेच आहे. बाकीची नीट बसली. झिजलेला भाग आता ओळखूही येत नाही. त्यावर चकाकीचा हात दिला. तोंड बघून घ्यावं असा पाट झालाय.

दुपारी पाणी प्यायला गेलो होतो. परत येतो तो आत्या मशीनपाशी उभी राहून पाटावर बोटं फिरवतेय. सुईपासून थोडं उजवीकडे, पुन्हा मागे, पुन्हा तिथेच. तिला हल्ली अंधुक दिसतं, बटणंसुद्धा चाचपून ओळखते. मी म्हटलं, "बघ कसं गुळगुळीत झालंय!"

"हो ना," ती म्हणाली. "कुठेच काही लागत नाही हाताला."

मग आपल्या खोलीत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती ट्रंक भरतेय आणि मी इकडे फुलं चिकटवतोय. मला भीती वाटते. हे मी इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही. ती गेली तर या वयात मी पोरका होईन, आणि लोक हसतील की एवढा टकला माणूस पोरका कसा होतो.

२३ फेब्रुवारी

नवीन पट्टा चढवला. खालच्या होडीसारख्या शटलमध्ये दोरा भरला. नवी कडी सर्वज्ञांनी स्वतःच्या साठ्यातून पाठवली, अस्सल. स्वतः बसून एक शिवण घातली. दोन्ही पाय फळीवर, पाठ ताठ, कापडावर पेन्सिलची रेघ मारून. शिवण सुरीने कापल्यासारखी सरळ आली.

फोटो गटावर टाकला. सर्वज्ञांनी लिहिलं, "मूळपदास पोचले. अभिनंदन." बाकीच्यांनी फुलं पाठवली. हिला दाखवलं तर म्हणाली, "तुम्हाला छान शिवता येतंय. आत्यांना येईल का ते बघू."

तिला आयुष्यभर येत आलंय. काय बोलायचं या बाईशी!

२५ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

सकाळी मशीन पुसून, वर स्वच्छ चादर टाकून आत्याच्या खिडकीत तिच्या जुन्या जागी ठेवलं. शालक महाराजही न बोलावता हजर. आत्याला हात धरून आणलं. चादर ओढली. शालकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्या स्टुलावर बसली. उशीच्या अभ्र्याचं कापड सुईखाली सरकवलं. चाकाला हात लावला तो घसरला. फळी दाबली तर चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. मी ओवून दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चाललं, पण गचके खात. तिचा डावा पाय फळीवरून सारखा पुढे जात होता. डाव्या हाताची बोटं पाटावर काहीतरी शोधत होती आणि कापड वाकडं वाकडं चाललं होतं. मी म्हणालो, "आत्या, दोन्ही पाय ठेव ना. कापड सरळ धर." शालक म्हणाले, "थोडं तेल घालू का?"

आत्या थांबली. कापड काढून घडी केली. मशीनच्या पाठीवर, लोकांच्या मुलाला थोपटतात तसं थोपटलं आणि म्हणाली, "छान झालंय. अगदी नवं. कुणाचं आहे रे?"

"कुणाचं म्हणजे? तुझंच!"

"नाही, हे माझं नाही," ती शांतपणे म्हणाली, आणि उठून ट्रंकेत कपडे लावायला लागली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. कंबर, रॉकेल, फुलं असं सगळं त्यात होतं. ती म्हणाली, "तुझे कष्ट दिसतात रे. माझाच हात गेला असेल आता. वय झालं." मी ओरडलो त्याचं काही नाही, पण तिने हे असं गोड बोलून सोडून दिलं ते सहन झालं नाही. ती मला असं गोड कधीच बोलत नाही. परक्यांशी बोलते.

व्हरांड्यात येऊन रडलो. त्याचाही संताप आला.

२६ फेब्रुवारी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण कुणी माझ्यासाठीच करून ठेवली असणार.

सकाळी हिने चहाबरोबर बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं भूक नाही. म्हणाली, "उघडा तर." आत पाचर. चपलेचं चामडं. काळी चिंधी, दोरे. गुंडाळी झालेली चिकटपट्टी. केसांचा आकडा.

"हे तू ठेवलंस?"

"तुम्ही कचरा म्हणालात म्हणून ठेवलं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले नाही? तुम्ही बुडबुडा बघत होतात."

मग तिने हरभरे निवडल्यासारखी एकेक वस्तू टेबलावर काढली. "त्यांच्या उजव्या पायात जोर नाही. डावा पाय एकटाच फळी चालवतो, त्याला टाचेखाली उंची लागते. बोटांचे सांधे धरलेत, लोखंडी चाक हातात येत नाही, म्हणून चिंधी. दिसत नाही, तर शिवण कुठवर न्यायची ते बोटाला लागावं म्हणून पट्टी. त्या मला मागेच म्हणाल्या होत्या, डोळ्यांचं काम आता करंगळी करते."

मी लहानपणापासून त्या पायाशेजारून चालत आलोय. रस्ता ओलांडताना त्याच बाजूला मी असायचो.

"मग तिने का नाही सांगितलं?"

"सांगतील कशा? तुम्ही इतक्या हौसेने करत होतात. आणि हल्ली त्या या घरात काही मागत नाहीत, लक्षात आलंय का तुमच्या?"

नव्हतं आलं.

दुपारी डबा घेऊन आत्याच्या खोलीत गेलो आणि सरळ मशीनखाली शिरलो. आत्या ट्रंकेजवळ पलंगावर बसली होती. पाचर धरली, पेचकस फिरवायला लागलो. वरून आवाज आला, "उलटी."

मी फिरवून धरली.

"अरे, आता आडवी केलीस! जाड बाजू टाचेकडे. टाच कुठली ते तरी ठाऊक आहे का?"

"दिसत नाही इथे काही."

"मला दिसत नाही, तुला काय झालंय? सरक! सरक गाढवा, बाजूला हो!"

आणि ही पंच्याहत्तरीची बाई पाय पसरून चक्क जमिनीवर बसली. पेचकस माझ्या हातातून हिसकावून घेतला. भोकं चाचपली, पाचर लावली, पेचकस परत माझ्या हातात कोंबला आणि मी पेच फिरवत असताना माझ्या मनगटावर चापटी मारून "घट्ट!" म्हणाली. त्यावर चामडं. मग वर येऊन चिंधी. जुनी बांधवेना, तेव्हा हिने आपल्या ओढणीची कड फाडून दिली. मी गुंडाळायला लागलो तर, "बाळंतिणीचं डोकं बांधतोयस का? आवळून!" चिकटपट्टी मी लावली तर म्हणे, "एवढ्या लांब? हत्तीचा अभ्रा शिवायचाय?" स्वतःच कापडाची कड धरून, करंगळीने मोजून, एकावर एक थर दिले. पट्टी नेमकी माझ्या सगळ्यात सुबक फुलावर बसली. कडी मात्र तिने नवीच ठेवली. म्हणाली, "ही बरी आहे. आकडा दोरा खायचा."

मग बसली. उजवा पाय खालच्या दांडीवर टेकवला, डाव्याची टाच पाचरीवर. चाकाला एक झटका.

तो आवाज. मी त्या आवाजात पाढे पाठ केलेत. थांबला की मी बघायचो, आत्या उठली का, जेवायचं झालं का. मी तिथेच पलंगावर बसून राहिलो. अभ्र्याची एक कड पुरी झाली, दुसरी झाली. तिचं लक्षही नव्हतं माझ्याकडे. मला किती बरं वाटलं, ते मला लिहिता येत नाही.

ट्रंक मात्र तशीच भरलेली होती. विचारायचा धीर झाला नाही.

२८ फेब्रुवारी

आज सकाळी त्या म्हाताऱ्यांच्या घरातून फोन आला. खोली तयार आहे, गाडी पाठवायची का, विचारत होते. फोन आत्यानेच घेतला. मी दाराबाहेर होतो. मुद्दाम नव्हे, पाणी प्यायला चाललो होतो.

"नाही हो, जमायचं नाही," ती त्यांना सांगत होती. "घरी एक माणूस आहे. त्याच्या हाती मशीन सोडून गेले तर आठवड्यात पुन्हा सगळं खोलून ठेवील. फार हुशार आहे हो, त्याचीच तर काळजी. ...नाही, वयाने मोठा आहे. पण उपयोग नाही."

मी पाणी प्यायलो. मग आणखी एक पेला प्यायलो.

ट्रंकेवर आता पडद्यांचं कापड ठेवलंय. शेजारच्या शाळेचं काम येतंय म्हणे. आत्याने हिला बटणांची यादी तोंडी सांगितली. मला काहीच सांगितलं नाही.

३ मार्च

दुपारची झोप संपली. जेवण झालं रे झालं की खडखड सुरू. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत आहे. उशीखाली डोकं घातलं तरी ऐकू येतं.

त्यात सर्वज्ञांचा निरोप. मी काल वापरातल्या मशीनचा फोटो पाठवला होता. ते लिहितात, "पायाखालचे लाकूड व चाकावरची चिंधी काढून पुन्हा छायाचित्र पाठवावे. यंत्र मूळपदावरून घसरले आहे." मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी गटातूनच बाहेर पडलो.

मग तावातावाने आत्याच्या खोलीत गेलो. म्हटलं, "दुपारी तरी जरा वेळ थांबत जा. माणसं झोपतात."

तिने मान वर केली नाही. कापड पट्टीला लागून सरळ चाललं होतं. "आलास ते बरं झालं," म्हणाली. "खालच्या फळीचा डावा खुंटा कुरकुरतोय. तेल टाक. मशीनचं. एकच थेंब. आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही."

मी खाली बसलो. तेलाची कुपी घेतली, एकच थेंब टाकला. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही.